तक्ता क्रमांक दोन

डोंबिवली (पश्चिम), ४ मार्च १९८५

चि. हरिहर यास दादाचे आशीर्वाद.

तुझ्या लेखाचे हस्तलिखित दामाजीने काल संध्याकाळी घरी आणून दिले. लसीकरणासाठी तुला मोखाड्याकडे धाडल्यापासून कल्याणच्या तुझ्या पशुवैद्यकीय दवाखान्याला त्या शिपायाखेरीज कोणी वाली उरलेला दिसत नाही. पिशवीतून कागद काढण्यापूर्वी त्याने धोतराला हात पुसले. तू स्वतः त्या कागदांना इतक्या आदराने वागवलेले नाहीस. पान सातवर चहाचे वर्तुळ आहे.

त्रैमासिकाने लेखकांसाठी छापलेल्या सूचना मी तीनदा वाचल्या. मूळ प्रत व दोन कार्बन प्रती. कागदाच्या एकाच बाजूस, ओळींत दुप्पट अंतर. प्रत्येक तक्ता स्वतंत्र कागदावर. तुझ्या चौदा संदर्भांपैकी नऊंना पृष्ठांक नाहीत. शनिवारी अर्धी रजा टाकून मी परळच्या ग्रंथालयातून ते उतरवून आणीन. हस्तलिखितात शाईने लिहिलेले तेवढेच टाइप करीन. कडेची पेन्सिलीची टिपणे वगळीन. आमच्या माजिवड्याच्या गोदामात साठ्याच्या नोंदवहीत पेन्सिल ग्राह्य धरत नाहीत आणि माझ्या मते कोठेच धरू नये.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. गाईचे वासरू आणि म्हशीचे रेडकू शेजारी उभे केले तरच मला फरक सांगता येईल. परंतु मोहने ते कल्याण तबेले पालथे घालून तू साठ रेडके निवडलीस, तिसांना जंतांचे नवे औषध दिलेस, तिसांना दिले नाहीस आणि अठ्ठाविसाव्या दिवशी शेण तपासून कोणते बरे झाले हे पाहिलेस, इतके मला नीट समजले. दीड वर्षाचे हे काम वाया जाऊ नये. महाविद्यालयातील व्याख्यात्याच्या जागेला एक छापील शोधनिबंध लागतो, आणि पुढील वर्षानंतर तू त्या जागेच्या वयोमर्यादेबाहेर जाशील. ही एकच संधी आहे असे समजून मी काम करीत आहे.

तुझी हेमावहिनी विचारते, "आता भावाचं शेण निवडायला बसलात का?" मी म्हटले, हे शास्त्र आहे. तर म्हणते, "मग शास्त्राच्या पिशवीला वास कसला येतोय?"

पिशवी गच्चीत ठेवली आहे.

तुझा,
त्र्यंबक


डोंबिवली, २७ जुलै १९८५

चि. हरिहर यास आशीर्वाद.

तुझे कार्ड पोचले. परीक्षकांच्या चार शंकांची उत्तरे मिळाली आणि खालची ओळही वाचली: "बाकी तू बघून घे रे दादा, इथे लस आहे तर बर्फ नाही, बर्फ आहे तर जनावरं रानात." बघून घेतले आहे.

शंका वास्तविक पाच होत्या. पाचवी मी तुला कळवली नव्हती. ती केवळ बेरजेची होती, आणि बेरीज हा माझा प्रांत आहे. ती मी माझ्या पातळीवर मिटवली. सुधारित लेख तीस दिवसांत पोचला नाही तर तो नवा लेख समजून पुन्हा रांगेच्या शेवटी लावतात, म्हणून तुझ्या पत्राची आणखी वाट पाहणे इष्ट वाटले नाही. आज ठाण्याच्या मोठ्या पोस्टातून रजिस्टरने पाठवला.

गेल्या बावीस वर्षांत माझ्या गोदामाच्या तपासणीत एकही शेरा पडलेला नाही. तुझ्या लेखातही पडणार नाही.

त्र्यंबक


डोंबिवली, ३० मार्च १९८६

चि. हरिहर,

अभिनंदन. नेमणुकीचे पत्र डोळ्यांनी पाहिले तेव्हाच माझा विश्वास बसला.

छापील प्रती दोन फेब्रुवारीला तुझ्या हाती आल्या आणि पंधराला मुलाखत झाली. तेरा दिवसांच्या फरकाने आपण वेळेत पोचलो. एक प्रत मी कार्यालयात नेली होती. आमच्या साहेबांनी सारांश मोठ्याने वाचला: औषध दिलेल्यांपैकी त्र्याण्णव टक्के रेडके बरी झाली. म्हणाले, "इतके टक्के तर आमच्या मॅट्रिकला कोणाला पडले नव्हते."

काल तुम्ही नवराबायको पेढे घेऊन आलात, पण तू टेकला नाहीस. वासंतीच बोलत होती. हेमा म्हणाली, "भाऊजी, मास्तर झालात म्हणून आमच्याशी मौन का?" त्यावरही तू हसला नाहीस. प्रवासाचा शीण असेल. लेखाच्या शेवटी आभारात तू माझे नाव घातलेस, 'काटेकोर टंकलेखनाबद्दल'. हे मला विचारायला हवे होते. तथापि, ती ओळ मी अनेकदा वाचली.

त्र्यंबक


डोंबिवली, २६ ऑक्टोबर १९८७

चि. हरिहर,

भाऊबिजेच्या दिवशी जिन्यात झालेले बोलणे अर्धवट राहिले असे तुला वाटू नये, म्हणून हे लेखी देत आहे.

दुसऱ्या एका संस्थेला तुझा प्रयोग मोठ्या प्रमाणावर पुन्हा करायचा आहे, त्यांनी तुझी मूळ वही मागितली, वहीत बऱ्या झालेल्या रेडकांचा आकडा एकवीस आहे आणि छापील तक्ता क्रमांक दोनमध्ये अठ्ठावीस. यावरून महाविद्यालयाने समिती नेमली, हे तू सांगितलेस. नंतर विचारलेस, "दादा, रागावू नकोस. टाइप करताना तक्ता दोनमध्ये काही बदललंस?"

मी म्हणालो, "जसं होतं तसंच उतरवलं."

"नक्की ना? बदललं असशील तर आत्ता सांग. आपण दोघं मिळून बघू काय करायचं ते."

"हरी, मी दुसऱ्याच्या कागदात हात घालणारा माणूस आहे का?"

तू जिन्याच्या कठड्याला धरून उभा होतास. मग म्हणालास, "बरं. मग उतरवताना माझंच चुकलं असणार."

तर तेच उत्तर येथे पुन्हा देतो: हस्तलिखितात जे होते तेच मी टाइप केले. आवश्यकता भासल्यास हे पत्र समितीपुढे ठेवण्यास माझी हरकत नाही.

त्र्यंबक


डोंबिवली, १४ ऑगस्ट १९८८

चि. हरिहर,

तू राजीनामा दिलास हे मला वासंतीच्या कार्डातून कळले, आणि नांदेडकडे एका पशुखाद्याच्या कंपनीत लागलास हेही. हिंडून पेंडीची पोती खपवायची असे कामाचे स्वरूप दिसते. तुझ्याकडून चार पत्रांचे उत्तर नाही.

'नोंद उतरवताना माझ्याकडून चूक झाली' असे तू समितीला लिहून दिलेस आणि समितीने महाविद्यालयाची बदनामी नको म्हणून प्रकरण तेथेच मिटवले, असे ऐकले. म्हणजे लेख आहे तसाच राहिला. नाव राखण्याच्या दृष्टीने हे एका परीने बरे झाले, असे मी

(वरील वाक्य पूर्ण करीत नाही.)

प्रकृतीस जप. तिकडचे पाणी जड असते म्हणतात.

त्र्यंबक


डोंबिवली, ५ सप्टेंबर १९९३

हरिहर,

जुलैअखेर मी निवृत्त झालो. निरोपाच्या भाषणात साहेबांनी माझ्या नोंदवह्यांविषयी जे सांगितले ते येथे लिहिण्याजोगे नाही, कारण ते सर्व स्तुतिपर होते.

गेल्या रविवारी दामाजी आला होता. तोही आता निवृत्त आहे. कोपरला खाडीकडच्या त्याच्या घरी त्याच्या सुनेने, मालूने, दोन म्हशी ठेवल्या आहेत. दारातच त्याने खिशातून एक पत्रक काढून माझ्यापुढे धरले. कोणत्या तरी दूध संघाने म्हशीवाल्यांत वाटलेले, मराठीत, ठळक अक्षरांत: 'या औषधाने शंभरांतील त्र्याण्णव रेडके हमखास बरी होतात.' खाली आधार म्हणून तुझे नाव आणि त्रैमासिकाचे वर्ष.

"भाऊसायेब, तुमी शिकलेलं. यो आकडा आमच्या डॉक्टरचा हाय का?"

मी म्हटले, "छापलंय तसं."

"छापलाय तो मी पन बघतय. पन मी संगती होतू ना! तीस रेडकांना औषध पाजला, मीच मुंडी धरली. अठ्ठावीस दिसांनी गेलू त सात दावनीला नव्हतीच."

"विकली असतील."

"तबेलेवाला तसाच बोलला डॉक्टरला. खोटा! दोन इकली, पाच मेली. औषध दिल्यावर आठवड्यात. नर रेडकू, त्याला दूध पाजतंय कोन? नुसती हाडां. जंत मेलं आनि आतड्यातच अडकलं, पोट फुगून गेली. मना त्याच्या गड्यानी सांगितला. मी डॉक्टरला बोललू, लिवा पाच मेली. तं बोलले, दामाजी, मी डोल्यांनी बघितला नाय ते लिवनार नाय. सात रेडकांची म्हायती नाय, असा लिवतो."

हेमाने त्याला चहा दिला. तो बशीत ओतून थांबला.

"मालूनी पत्रक वाचून दोन बारीक रेडकांना पुरा डोस पाजला. दोनी गेली. ती बोलते, बाबा, लिवलंय ना त्र्यान्नव! आता तुमीच सांगा भाऊसायेब, ती सात दावनीला नव्हती, तं त्यांना बरा केला कोनी?"

मी केले, हरिहर.

आता सर्व क्रमाने लिहितो. तुझ्या हस्तलिखितात तक्ता दोनखाली पेन्सिलीने टीप होती: 'सात रेडकांची माहिती मिळाली नाही.' ती मी वाचली होती. पेन्सिलीची आहे म्हणून टाइप केली नाही. साहजिकच तक्त्यात वर तीस आणि खाली एकवीस बरी व दोन न झालेली, एवढेच उरले. परीक्षकाने लिहिले: 'संख्येचा मेळ बसत नाही. खुलासा करावा अथवा दुरुस्ती करावी.' खुलासा तुझ्याकडे होता. तुला विचारणारे पत्र मी लिहिलेही होते; ते टाकले नाही. विचारले असते तर टीप मी गाळली हे तुला सांगावे लागले असते, आणि माझ्या कामात कधी शेरा पडत नाही.

म्हणून दुरुस्ती केली. घाईत काढलेला आठ एकासारखा दिसू शकतो अशी मनाची समजूत घातली आणि एकवीसच्या जागी अठ्ठावीस टाइप केले. मग सत्तर टक्क्यांचे त्र्याण्णव झाले. मग निष्कर्षातील वाक्य बदलावे लागले, मग सारांशातील. पहिला बदल करताना मी चूक सुधारत होतो असे म्हणता येईल. चौथा करताना मला पूर्ण समजले होते की मी काय करीत आहे. तरीही प्रती नीट लागल्या आहेत का, कार्बन सरकला नाही ना, हे मी दोनदा तपासले.

जिन्यात तू विचारलेस तेव्हा ही सर्व हकीकत मला तोंडपाठ होती. मी तुला खोटे सांगितले आणि दोन दिवसांनी बसून ते लेखी दिले. तू त्या पत्राचा उपयोग समितीपुढे केला नाहीस, हे मी मागाहून महाविद्यालयातल्या कारकुनाकडे चौकशी करून काढले. का केला नाहीस, हे विचारण्याचा मला अधिकार नाही.

दामाजी गेल्यावर मी त्रैमासिकाचे अलीकडचे अंक पाहून आलो. तो आकडा तीन लेखांत उद्धृत झाला आहे. तिघांनीही पृष्ठांक अचूक दिले आहेत.

संपादकांच्या कचेरीत मी स्वतः जाऊन भेटलो. दुरुस्ती छापायची त्यांची तयारी आहे, मात्र ती लेखकाच्या सहीनेच. "आपण कोण?" म्हणून विचारले. मी म्हटले, "टंकलेखक." ते म्हणाले, "मग आपल्या सहीचा आम्हाला उपयोग नाही."

म्हणून दुरुस्तीचा मजकूर तीन प्रतींत सोबत पाठवीत आहे. त्यात लिहिले आहे की तक्ता क्रमांक दोनमधील अठ्ठावीस हा आकडा टंकलेखकाने लेखकाच्या नकळत घातला. बरी झालेली रेडके एकवीस होती. सातांचा ठावठिकाणा लागला नाही. आणि अशक्त रेडकांना पूर्ण मात्रा देणे धोक्याचे असू शकते. टंकलेखकाचे नाव, शिक्षण व पत्ता दिला आहे. तू फक्त सही कर. समितीपुढे तू स्वतःवर घेतलेला दोष त्याने पुसला जाईल. गेलेली वर्षे परत येणार नाहीत, हे मला कळते.

क्षमा मागत नाही. ती देण्याचा भार तरी मी तुझ्यावर टाकू नये.

त्र्यंबक


डोंबिवली, ११ ऑक्टोबर १९९३

हरिहर,

तिन्ही प्रती मिळाल्या. तिन्हींवर तुझी सही आहे.

'टंकलेखकाने लेखकाच्या नकळत' एवढे शब्द तू खोडले आहेस आणि वर शाईने लिहिले आहेस, 'लेखकाने'. माझे नाव, शिक्षण, पत्ता, सर्व एका सरळ रेघेने काढून टाकले आहेस. पहिल्यांदा वाटले, हा तुझा मोठेपणा आहे, आणि मला त्याचा संताप आला. मग तुझी चिठ्ठी वाचली. तुझेच शब्द येथे उतरवतो, म्हणजे मी ते बरोबर वाचले की नाही हे तुला कळेल:

"दादा, छापील प्रती आल्या त्याच दिवशी तक्ता पाहिला. अठ्ठावीस कुठून आले हे मला तेव्हाच कळलं. मुलाखत तेरा दिवसांवर होती. मी गप्प बसलो. जिन्यात विचारलं तेव्हा मला उत्तर माहीत होतं. तू हो म्हणाला असतास तर मीही म्हणालो असतो की मला माहीत होतं, आणि दोघं समितीकडे गेलो असतो. तू नाही म्हणालास, मग मला एकट्याला तेवढं धैर्य झालं नाही. उतरवताना चूक झाली म्हणून सुटलो. ती पाच रेडकं मेली असणार हे दामाजीने मला शेणतपासणीच्याच आठवड्यात सांगितलं होतं, तुला नाही. म्हणून 'नकळत' हा शब्द खोटा आहे. लेखक मी आहे."

त्याखाली वासंतीची एक ओळ आहे: "भाऊजी, ह्यांनी कंपनीत कालच सगळं सांगून टाकलं, आणि घरी बसलेत. दुरुस्ती खुशाल पाठवा, पण आम्हाला आता पत्र पाठवू नका."

सहा वर्षे मी समजत होतो की माझ्यापाशी एक गोष्ट आहे जी उघड केली की तू मोकळा होशील. मनात ती मी जपून ठेवली होती, हेही कबूल करतो. कधीतरी सांगेन, म्हणजे सर्व पूर्ववत होईल. ती गोष्ट तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. जिन्यात तू माझ्याकडे उत्तर मागत नव्हतास, सोबत मागत होतास. मी तुला माझ्या बिनशेऱ्याच्या नोंदवह्या दाखवल्या.

चार दिवस प्रती टेबलावर होत्या. माझे नाव पुन्हा घालून नवीन प्रती टाइप करणे एका तासाचे काम होते. सही खालच्या बाजूला आहे. वरचा मजकूर बदलून सहीचा कागद तसाच जोडता येतो, हे मला तुझ्याहून चांगले ठाऊक आहे. तसे केले असते तर तुझे नाव थोडे तरी वाचले असते. न पाठवणे हाही एक मार्ग होता. हेमा म्हणाली, "पाठवलीत तर भाऊजींचं उरलंसुरलं जाईल. नाही पाठवलीत तर?" मी म्हटले, "कोपरला मालूच्या म्हशी पुन्हा गाभण आहेत." उठून तिने माझा चष्मा आणून दिला.

वासंतीने मनाई केली असताना हे पत्र लिहीत आहे, ते शेवटचे समजावे. दुरुस्ती आज सकाळी अकरा वाजता ठाण्याच्या मोठ्या पोस्टातून रजिस्टरने पाठवली. पावती सोबत आहे. तुझ्या मजकुरातील एकही शब्द मी बदललेला नाही.

त्र्यंबक